आवाज तं चाचाचाच वाटते

तुमाले वाटत असन, हा पोट्टा आता त्या गेमचा सर्वर कसा बसला ते सांगन. नाही तं एखाद्या पोरीची गोठ काढन. आमच्या इकडं कबूल कराले बसलेला माणूस म्हणजे एक तं पोरगी, नाही तं पेपरातली कॉपी — तिसरं काही कोणी कबूल करत नाही. राजेहो, यातलं काहीच नाही. मी नकला करणारा माणूस, लोकं माह्यासमोर हसाले बसतात. तुमीही तसेच आले असान तं बसा, मधामधात हसू येईनही. पण ही गोठ म्या आजपर्यंत कोणाले सांगितली नाही. मायले नाही. देवाले नाही — त्याले आधीच ठाऊक असन तं असो. इरफानले तं नाहीच नाही.

गेम काहून बुडला, हे सांगणारे तिवशात आजही लय भेटतात. एक म्हणते नेटवर्क नव्हतं. दुसरा म्हणते लोकायचे मोबाइल तापत. आमच्या अमरावतीच्या कालेजातले एक सर तं पोट्ट्यायले शिकवतात म्हणे, की कल्पना चांगली होती पण वेळेच्या आधी आली. कोणी म्हणते बाहेरून तो बंदुकीचा गेम आला आन् सगळे तिकडं पळाले. मी त्यायच्या मधात उभा राहून मान हलवतो. हो ना, नेटवर्कच नव्हतं, असं म्हणतो.

नेटवर्क होतं, भाऊ. झकास होतं. नेट नवं नवं स्वस्त झालं होतं, गुरं चारणाऱ्याच्या खिशातही होतं. आन् त्याच नेटवर्कवरून एक गोष्ट सकाळी तिवशातून निघाली ती दुपारच्या जेवणाआधी पार अकोल्याकडं तेल्हाऱ्याले पोचली. सांगतो ते. पण एकदम नाही सांगता येत — आधी तुमाले त्या गेमचा लळा लागला पाहिजे. नाही तं तुमी म्हणान, एक गेम तं बुडला, त्यात एवढं काय?

शंकरपट माहीत हाय ना? बैलजोड्यायची शर्यत. हलक्या छकड्याले जोडी जुपाची, धुरकरी वर उभा राहाचा, झेंडी पडली का जोडी सुटली. त्या वर्षांत पटावर बंदी होती. आन् इरफानचे वडील, रऊफ चाचा, हे छकडे बनवणारे. तिवशाले नागपूर रोडले त्यायचं दुकान. त्यायच्या छकड्याले वजनच नसते, बैलाले वाटते आपण मोकळेच पळून राहिलो, असं लांबलांबचे धुरकरी म्हणत. बंदी आली तशी छकडे गेले. चाचा गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड जोडत बसले. जोडता जोडता एखाद्या वेळी लोखंडाचा दांडा हातावर तोलून पाहत — कूलरच्या स्टँडचं वजन कोण तोलते, सांगा बरं?

इरफान त्यायचा एकुलता एक. मी बाजूच्या खेड्यातला. आमी दोघं एसटीनं संगच अमरावतीले कालेजात जाओ. तो कंप्युटरात डोकं घालून बसे आन् मी निम्म्या वर्गाची हजेरी येगयेगळ्या आवाजात देओ. पोरीयचीही. एकदा धरला गेलो, कारण की जिची हजेरी देल्ली तिचं लग्न होऊन ती कालेज सोडून गेली होती.

तं ह्या इरफाननं पटाचा गेम बनवला. मोबाइलवरचा. "जोडी सुटली" नाव. त्यात पळवाले बटन नव्हतं — बैल हाकेवर पळत. मोबाइलमधी आपली हाक माराची, ज्याची जशी असन तशी, आन् त्या हाकेच्या तालावर जोडी पाय उचले. नुसता बोंबलला तं बैल बुजत. तिवशाचा माणूस आपल्या ओट्यावर, तेल्हाऱ्याचा त्याच्या ओट्यावर, आन् दोघायच्या जोड्या एकाच पटावर. शर्यत झाली का दोघं बोलत. पाणी आलं का तिकडं, चारा काय म्हणते, असं.

पण खरी मजा दुसरीच होती. आपल्या बैलाचे फोटो टाकाचे — समोरून, दोन्ही अंगानं, शिंगं दिसले पाहिजेत. इरफान त्याच्यावरून हुबेहूब तसाच बैल बनवे. पाठीवरचा डाग सोडे नाही, वाकडं शिंग सरळ करे नाही. खाली मालकाचं नाव, गावाचं नाव.

आता तुमीच इचार करा, ते वर्ष कोणतं होतं. बोंडअळीनं कापूस आतून पोखरलेला, कडबा नाही, विहिरीत खडक दिसून राहिलेला. लोकं बैल विकून राहिले होते. आमच्या मोठ्या बाबानं — म्हणजे माह्या वडलाच्या मोठ्या भावानं — बिजल्या आन् गुलब्या विकले. बाजारातून एकटेच परत आले, कासरे खांद्यावर. कोणाच्या दावणीले गेले, हे त्यायनं कोणाले इचारू देल्लं नाही. आमच्या घरात त्या दिवसापासून बाजार हा शब्दच निघे नाही.

त्या जोडीचे फोटो माह्या मोबाइलमधी होते. इरफाननं जोडी बनवली. म्या मोठ्या बाबाच्या हातात मोबाइल देल्ला. ते लय वेळ नुसते पाहत राहिले. मंग उठले, आत गेले, टोपी घालून आले, आन् मंग हाक मारली. उघड्या डोक्यानं ते पटावर कधी गेले नव्हते. जोडी जिंकली तवा काचेवरून अंगठा फिरवत म्हणे, "बस, बस बाबू." दुसऱ्या दिवशी हाच खेळ आजूबाजूच्या ओट्यायवर सुरू. ज्यायच्या गोठ्यात बैल होते ते तं खेळतच, पण ज्यायचे विकले गेले होते ते जास्त खेळत. असा गेम होता तो. बुडण्यासारखा होता का?

आता मी यात कोण? मी आवाज. पटावरचा माइकवाला जसा बोलते तशी सगळी कॉमेंट्री माही. चाचाच्या दुकानामागच्या खोलीत गोधडी अंगावर घेऊन आमी आवाज भरत असो, बाहेरचा ग्राइंडर ऐकू येऊ नये म्हणून. उकाड्यानं जीव जाये. घुंगराचा आवाज माहा, हरलेल्या सरपंचाचा आवाज माहा, पटाच्या कडेले उभ्या भजेवालीचाही माहाच. दुपारी चाची ताट वाढून आणे आन् म्हणे, "पंकज, पहले खा ले, फिर गधे का निकाल." गाढव गेममधी नव्हतंच. पण चाचीले माहा तो आवाज लय आवडे.

अकोल्याले शेतीच्या प्रदर्शनात आमी एक टेबल मांडलं, तं ट्रॅक्टर पाहाले आलेले लोकं आमच्या टेबलापुढं. पुण्याचा एक कंपनीवाला तिथं उभा राहून लय वेळ पाहत होता. जाता जाता इरफानले म्हणाला, संक्रांतीपर्यंत इतकी माणसं टिकली तर आम्ही गेम घेतो, पुण्याला या. इरफान म्हणे, गेम घ्या, पण माहं ऑफिस तिवशातच राहीन. वडलाच्या दुकानाच्या वर. तो माणूस हसला आन् म्हणाला, चालेल.

त्या एका शब्दावर चाचानं वरची खोली झाडली, चुना मारला, आन् खोलीत बसून लोखंडी टेबल जोडला — एवढा मोठा, की आठ जणं बसतीन. मोहल्ल्यात सांगत फिरत, "बेटा ऊपर बैठेगा, मैं नीचे ठोकूंगा." इरफानले तिवसा सोडा लागू नये, एवढंच त्या घराचं मागणं होतं. दुसरं काही नाही.

आता मी जरा थांबतो. कारण की इथून पुढं मी हाय.

लोकायच्या तक्रारी याले लागल्या. गेमच्या नाहीत — माह्या. "त्या पोट्ट्याची टुरटुर बंद करा, आमाले आपलेच बैल ऐकू येत नाहीत." एक जण तं म्हणे, पट पाहू का ह्याची बडबड ऐकू. इरफाननं काय केलं असन? कोपऱ्यात एक बारकंसं बटन टाकलं. दाबलं का कॉमेंट्री बंद. मले दाखवलं आन् खुश होऊन म्हणे, "पंक्या, पाह ना, बटन टाकल्यापासून लोकं जास्त वेळ थांबून राहिले." मनात काही नव्हतं त्याच्या. तो तसाच हाय, आकडा दिसला का माणूस दिसत नाही त्याले. म्या म्हटलं, बरं झालं. घरी आलो तं मोठे बाबा ओट्यावर खेळून राहिले होते, टोपी घालून. त्यायनंही बटन दाबलं होतं.

मले सांगा — ज्या पोट्ट्याजवळ आवाजाशिवाय काहीच नाही, ना शेत ना मार्क, त्याच्यासाठी जगानं चुप बसाचं बटन बनवलं, तं त्याले काय वाटलं पाहिजे? जाऊ द्या. नका सांगू. हे मी कारण म्हणून नाही सांगत. त्या बटनापासून ते म्या केलं तिथपर्यंत मोठा रस्ता होता, आन् तो म्या हसत हसत चाललो.

रऊफ चाचाचा आवाज तुमी ऐकला नाही. वेल्डिंगच्या धुरानं घासलेला, वाक्याच्या आधी एक खोकला, आन् शेवटी "समझे क्या". बोलता बोलता हातातल्या पकडीनं समोरच्या लोखंडावर ठक, ठक करत. मी त्यायची नक्कल फक्त त्यायच्याच घरात करो. ईदले शिरखुर्मा झाला का चाची म्हणे, हां, अब इनका कर. मी खोकलो का चाचाच पहिले हसत — हसता हसता खरंच खोकलत, आन् मंग आमच्यातलं खरं कोण न् खोटं कोण, चाचीले समजे नाही. बाहेर म्या तो आवाज कधी काढला नव्हता. घरचा आवाज होता तो.

एके दिवशी सकाळी एसटीची वाट पाहत म्या एक क्लिप भरली. ठरवलं होतं, बैलबाजारातला दलाल कराचा, जो गेम पाहून खुश झाला. साधा दलाल करून पाहिला, मजा येऊन नाही राहिली. मंग चाचाचा आवाज आपोआप आला. आपोआप आला म्हणतो — हेही खोटं. म्या बोलावला. खोकलो, आन् म्हटलं: हां भाई, अब बाजार में फिरने का कामच नई, पोट्टे ने गेम बनाया ना, सारी जोडियां उसमें खडी है, गाव का नाव भी लिखेला है, तुम खाली गाडी भेजो, कौनसी उठाना वो मैं बताता. समझे क्या. आन् शेवटी बसस्टँडच्या खांबावर किल्लीनं ठक, ठक.

दोस्तायच्या एका ग्रुपवर टाकली, त्यात इरफान नव्हता. चार हसणारे तोंडं आले. बटन दाबणारं कोणी नव्हतं. मले लय दिवसांनी बरं वाटलं.

मले माहीत नव्हतं, असं म्हणू का? म्हणता येते. लोकं म्हणतात तसं. पण मले माहीत होतं. त्या वर्षी बैल, गाडी आन् मुसलमान माणसाचा आवाज ह्या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या का पुढं काय होते, हे तिवशातल्या शेंबड्या पोरालेही माहीत होतं. तरी टाकली. हसतात का ते पाहाचं होतं.

दुपारपर्यंत ती क्लिप आमच्याच गावच्या ग्रुपवर परत आली. माहं नाव गळलेलं, पुढं ढकलणाऱ्या दोस्तायनं भेवून हात झटकलेले, वर कोणीतरी लिहिलेलं — "ऐका, गेमच्या नावाखाली काय चालू हाय." नक्कल म्हणून गेली होती, पुरावा होऊन आली. ज्यायनं कधी चाचाकडून छकडा बनवून घेतला होता ते धुरकरीच म्हणाले लागले, अरे हा तं रऊफ मिस्त्री. ती ठकठक ऐका. तिनंच घात केला. लोकं आवाजाले फसतीन न फसतीन, त्या ठकठकीले सगळे फसले.

आन् गेममधून जोड्या उठाले लागल्या. इरफाननं मले दाखवलं — सकाळी भरलेला पट, संध्याकाळी एकेक जोडी निघून गेलेली, खाली नुसती गावायची नावं. मंग नावंही. एक गोष्ट मले तवाच दिसली, आन् ती मी कोणत्याच सरच्या तोंडून ऐकली नाही. ज्यायचे बैल गोठ्यात होते ते दोन दिवस थांबले. ज्यायचे बैल विकूनच झाले होते, त्यायनं पहिले काढले. त्यायचं तं काही जाणार नव्हतं ना? पण आपण कोणाले विकले, आन् पुढं काय झालं असन, हे ज्याचं त्याले ठाऊक होतं. ते दुखणं जो तो दाबून बसला होता. माही क्लिप नेमकी त्याच्यावर बसली. आन् बोट दाखवाले एक माणूस भेटला, जो आपण नव्हतो.

तुमी म्हणान, हेच ना तुहं पाप? एक वाईट नक्कल केली, ती हाताबाहेर गेली. एवढंच असतं तं म्या केव्हाच सांगून टाकलं असतं, राजेहो. नकलाकाराले एवढं माफ असते. पुढचं ऐका.

आमच्या गावात पारावर लोकं जमले. मलेही बोलावलं. मोठे बाबा मधात बसले होते, त्यायनं क्लिप सगळ्यायले ऐकवली आन् माह्याकडं पाहिलं. "पंक्या, हे तुह्या तोंडातलं तं नाही ना बे?"

सरळ इचारलं. सगळ्यायसमोर. एवढा सोपा दरवाजा देवही कोणाले उघडून देत नाही. हो म्हटलं असतं तं दोन थापडा बसल्या असत्या, गावानं शिव्या देल्ल्या असत्या, आन् संध्याकाळपर्यंत जोड्या परत पटावर आल्या असत्या. फक्त हो म्हणाचं होतं.

मी हसलो. म्हटलं, "मले एवढं जमलं असतं तं लोकायनं माहं तोंड बंद कराचं बटन काहून मागितलं असतं?"

सगळे हसले. मोठे बाबाही हसले. लय चांगला जोक होता तो, आजही आवडते मले. मंग कोणीतरी इचारलं, की तू आवाजातला माणूस हाय, त्या घरात तुहं येणंजाणं हाय, तूच सांग मंग कोणाचा आवाज हाय हा?

म्या क्लिप पुन्हा ऐकली. कानाले लावून, डोये मिटून, जाणकारासारखी. ऐकाची काय गरज होती? पण नाटक केलं. आन् म्हटलं, "आवाज तं चाचाचाच वाटते."

हेच. हेच सांगाचं होतं मले.

वाटते म्हटलं, हाय नाही म्हटलं. त्या एका शब्दामागं मी लय दिवस लपलो. मोठ्या बाबानं मोबाइल माह्यासमोर धरला, त्यायले काढता येत नव्हतं. "काढ माही जोडी याच्यातून," म्हणे. म्या माह्या हातानं बिजल्या आन् गुलब्या काढले. मोबाइल विचारते ना, नक्की काढू का? म्या हो दाबलं. तिथं बरोबर हो म्हणता आलं मले.

पारावरून लोकं निघाले ते सरळ चाचाच्या दुकानावर. मले संगच घेतलं. आवाजाचा साक्षीदार. चाचानं आमाले पाहून चष्मा वर केला, खुर्च्या पुसाले लागले. एकानं मोबाइल समोर धरला आन् म्हणाला, हे ऐका, आन् हेच बोलून दाखवा. तंटा नको म्हणून चाचा बोलले. खोकलून, पूर्ण वाक्य, जसंच्या तसं, शेवटी समझे क्या. बोलता बोलता हातातली पकड गेटवर आपटत होती — ठक, ठक — त्यायले भानही नव्हतं. सगळ्यायनं माह्याकडं पाहिलं. मी ग्राइंडरच्या वायरीकडं पाहत होतो.

चाचानं क्लिप अजून एकदा लावाले सांगितली. कान जवळ नेऊन ऐकली. आन् मले म्हणाले — त्या लोकायले नाही, मले — "आवाज तो मेरीच है बेटा. पन मैं बोला कब?"

त्या घरात तिघंही जणं जाणून होते, की हा आवाज मले काढता येते. तिघायपैकी कोणी मले इचारलं नाही. चाचानं स्वतःवर शंका घेतली, आपण कधी झोपेत बोललो का, कोणासंग हसीमजाकीत बोललो का, हे आठवत बसले — पण माह्यावर नाही. इरफाननं? इरफानले समजलं होतं का? मले माहीत नाही. आवाज भरताना माहा श्वासही कापून साफ करणारा माणूस तो. त्याले समजलं नसन, असं कसं म्हणू? आन् समजलं असन तं तो काहून चुप बसला? इचाराची माही हिंमत नाही, म्हणून हे तसंच हाय.

संक्रांतीच्या आधीच त्यानं गेम बंद केला. तो पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला म्हणे, ग्रामीण भागात असं होतं. इरफान हैद्राबादले गेला, कोणत्या तरी कंपनीत, दुसऱ्यायचे गेम दुरुस्त करते. म्या त्याले एसटीत बसवून देल्लं. वरच्या खोलीतला टेबल खाली आणता येत नाही — आतच जोडलेला, दरवाज्यातून निघत नाही. अजून तिथंच हाय. चाची त्याच्यावर वड्या वाळू घालते.

दुकान हळूहळू बसलं. खेड्यातले लोकं वखर, पांभर घेऊन येत, ते दुसरीकडं जाले लागले. चाचा आता नांदगाव पेठले एका कापडाच्या मिलमधी मशिनी दुरुस्त कराले जातात. तिथं आवाजानं कान बसतात, कोणाले बोलाचं काम पडत नाही. म्हणूनच धरलं असन ते काम. कारण की चाचानं बोलणंच सोडलं. मुके नाही झाले — पाणी मागतात, हो-नाही म्हणतात. पण बाजारात तोंड उघडलं का लोकं वळून पाहत, एखादा पोट्टा मागून म्हणे "समझे क्या", म्हणून मंग बोटानं दाखवतात. हे पाव किलो, ते अर्धा किलो.

पटाची बंदी उठली. आता पट भरतात, छकडे बाहेरून येतात. आन् माइकवर कोण असते? मी. नाव झालं माहं. लग्नात, गणपतीत, पटावर, तेल्हाऱ्यापर्यंत बोलावणं येते. लोकं म्हणतात, पंक्याले कोणाचाही आवाज द्या, तो काढीन. खरं हाय. देतात तं घेतो मी.

गेल्या ईदले चाचीनं निरोप पाठवला, इतके दिवस आला नाही, आता तरी ये. गेलो. इरफान आला नव्हता, सुटी नव्हती त्याले. आमी तिघंच. चाचा समोर बसून वाटीतला शिरखुर्मा हलवून राहिले होते. चमच्याचा आवाज आन् वरचा पंखा, बाकी काही नाही. म्या दोनचार जोक केले. चाचा तोंडातल्या तोंडात हसले. मंग चाची पदरानं हात पुसत माह्याजवळ बसली आन् हळूच म्हणे, "पंकज, इनका कर ना. पहले करता था वैसा. घर में इनकी आवाज सुनेको कितने दिन हो गए."

चाचानं चमचा थांबवला. माह्याकडं पाहिलं. रागानं नाही — वाट पाहिल्यासारखं.

मी खोकलो. तेवढंच झालं. पुढं आवाज निघाला नाही. म्या म्हटलं, चाची, आता विसरलो.

चाची उठली. माह्यासमोरची वाटी उचलली, अर्धी भरलेली होती, आन् मले म्हणाली ते मी तसंच्या तसं सांगतो, नक्कल न करता.

"भूल गया? सारी दुनिया का याद है, माइक पे गधे का भी याद है, और इस घर का भूल गया? इतना बडा हो गया क्या रे तू? यहीं गोधडी में बैठके, यहीं का खाके सीखा ना तू? बेटा गया, इनकी बोली गई, एक तेरेच पास थोडीसी रखेली थी वो आवाज, और तेरे से वो भी नई संभाली गई. शरम कर. इतने साल में एक चीज मांगी तेरेको. एक."